आमच्या घरात असं कोणाला न्हाई

डॉक्टर : थांबा, एकेकीनं बोला. नंदाचं शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं, ती ओकते, इथवर कळलं. आणि रविवारी?

उषाबाई : रविवारी काहीच न्हाई, म्याडम. रविवारी भाकरीबी दीड खाती.

साळूबाई : म्हणून तर पोरीचा बाप म्हणतो, नाटकं करून राह्यली. माझाच लेक तो. पण कोणाचं ऐकत न्हाई.

उषाबाई : थकले ते, आत्याबाई. सोमवारी हेडमास्तरकडं जायचं आन् पोरीचं नाव काढून आणायचं, असं ठरवून बसलेत. म्हणून मी जल्दी केली, जालन्याला घेऊन आले. आधी टेंभुर्णीला दोन डॉक्टर झाले. पोटाच्या गोळ्या झाल्या, फोटो काढून झाला. पोटात काही निघालं न्हाई.

डॉक्टर : पोट खरंच दुखतं तिचं. फक्त सुरुवात पोटातून होत नाही. कितवीला आहे?

उषाबाई : आठवीला. सातवीपर्यंत गावातच होती. आता हायस्कुलाला जीपनं टेंभुर्णीला जावं लागतं.

डॉक्टर : झोप कशी आहे?

उषाबाई : रात्री उठून दाराची कडी बघती. मी मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटवर असले की बांधावर येऊन उभी राहती, आई जागेवर हाये का बघायला. ‘आई, तुला काही झालं तर?’ हा एकच सवाल. हसणं तर विसरलीच.

डॉक्टर : आता एक विचारते, नीट आठवून सांगा. घराण्यात आधी कोणाला असा काही मनाचा त्रास होता का?

उषाबाई : न्हाई.

साळूबाई : बिलकुल न्हाई. आमचं घर साफ हाये. ना फिट, ना कोड, ना वेड. आज्या-पणज्यापासून.

उषाबाई : माझ्या माहेरीबी न्हाई. वडीगोद्रीत कोणालाबी विचारा.

डॉक्टर : ताई, मी सोयरीक जुळवायला बसले नाहीये.

उषाबाई : तसं न्हाई हो, म्याडम. परवाच परतूरचे पाहुणे थोरलीला बघून गेले. त्यांनीबी हेच विचारलं. तोंडाला सवय लागली, आपोआप निघतं.

साळूबाई : आन् खरंच न्हाई कोणाला.

डॉक्टर : बरं, आजार राहू द्या बाजूला. लहानपणी घाबरट कोण होतं घरात?

साळूबाई : घाबरट? घाबरट म्हंजे आजार असतो का कुठं? तसे तर आम्ही सगळेच.

डॉक्टर : सगळे म्हणजे कोण कोण?

साळूबाई : माझी धाकटी लेक सोनूबाई घ्या. परीक्षा आली की अंगात ताप. दहावीच्या पेपराला गेलीच न्हाई, ज्वारीच्या पोत्यामागं दडून बसली. हुशार होती बरं. पण स्वभावच तसा. आन् माझा भाऊ रामकिसन, तो कोरडा नाला ओलांडायचा न्हाई. पाणी येईल म्हणायचा. उन्हाळ्यात!

उषाबाई : आन् तुमचा लेक?

साळूबाई : त्याचं काय?

उषाबाई : रात्री उठून विहिरीची मोटर बंद केली का बघायला जातात. पोरगी कडी बघायला उठती, बाप मोटर बघायला. दोघं अंगणात भेटतात.

साळूबाई : अगं, ती काळजी झाली. त्याला भ्या म्हणत न्हाईत.

डॉक्टर : आणि ताई, तुमच्या माहेरी?

उषाबाई : भिणारं कोणी न्हाई. माझी आई फक्त… गप्प व्हायची. खुरपण, सैपाक सगळं करायची, पण महिना-महिना तोंड उघडायची न्हाई. आम्ही म्हणायचो, आईचा स्वभाव शांत हाये.

साळूबाई : बघा! निघालं का न्हाई? तिकडूनच आलंय हे. मी पहिल्यापासून म्हणून राह्यले.

उषाबाई : आत्याबाई, मिरचीच्या प्लॉटवर क्रॉसिंग कोण करतं? तुम्ही आन् मीच ना? नराच्या ओळीतलं फूल आणायचं आन् मादीच्या फुलाला लावायचं. नुसत्या मादीच्या ओळीवर कंपनीचं बी तयार होतं का?

साळूबाई : न्हाई होत.

उषाबाई : मंग?

साळूबाई : बघा डॉक्टरीणबाई, कशी बोलती सासूला.

डॉक्टर : बोलते बरोबर. दोन्हीकडून थोडंथोडं येतं. पण आजार जसाच्या तसा येत नाही, त्याचा कल येतो. जुळ्या मुलांवर याचे अभ्यास झालेत. हुबेहूब जुळी असतात ना, त्यांच्यात एकाला असा त्रास असला तर दुसऱ्यालाही असण्याचा संभव जास्त. साध्या जुळ्यांत कमी. म्हणजे रक्ताचा वाटा आहे. पण हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एक घाबरतं आणि दुसरं मजेत खेळतं, असंही होतं. म्हणजे बाकीचा वाटा बाहेरचा. शाळा बदलली, कोणी रागावलं, एकटीनं जीपमध्ये बसावं लागलं.

उषाबाई : म्हंजे माझ्यामुळं न्हाई?

डॉक्टर : तुमच्यामुळं नाही आणि कोणाच्याच चुकीनं नाही. डोळ्यांचा रंग देताना कोणी विचारून देतं का? आणखी एक. वय वाढलं की याचं रूप बदलू शकतं. लहानपणी भीती असते, वयात येताना कधी उदासी येते. म्हणून आत्ताच बघायला हवं.

साळूबाई : वयात येताना?

डॉक्टर : हो, आजी. का?

साळूबाई : काही न्हाई. मी लहान होते तवा निजामाचं राज्य होतं. गावात पोरींना शाळंत घालायची रीत न्हवती, पण माझ्या बापाला हौस. मारुतीच्या देवळात शाळा भरायची. पोरांत मी एकलीच पोरगी, झेंडूच्या रंगाचा परकर नेसून पहिल्या ओळीत. गुरुजी म्हणायचे, साळूचं अक्षर मोत्यावानी. मंग रझाकारांचे दिवस आले. सगळं गावच भ्यालं. ते गेले तवा सगळ्यांचं भ्या गेलं, माझं मातर राह्यलं. शाळंची वेळ झाली की मी चुलीपाशी ओकायची.

उषाबाई : आत्याबाई!

साळूबाई : आईनं दृष्ट काढली, अंगारे लावले. शेवटी बापानं नाव काढलं.

डॉक्टर : मग भीती गेली?

साळूबाई : न्हाई. शाळा गेली. भ्या राह्यलं घरीच, माझ्यासंगं. पुढं न्हाण आलं तवा ते जरा उतरलं, पण मंग कशातच जीव लागंना. राखणीला बसवायचे, तर पाखरं कणसं खाऊन जायची आन् मी नुसती बघायची. मंग लगीन लावून दिलं.

उषाबाई : इतक्या वर्षांत कधी बोलला न्हाईत.

साळूबाई : बोलायचं काय त्यात? मला वाटायचं, सगळ्याच बायांना होतं.

(उषाबाई उठून खिडकीशी जातात. बाहेर बाकावर नंदा चपला जुळवून, पाय वर घेऊन बसली आहे.)

डॉक्टर : नंदाचं नाव काढू नका. शाळा सुटली की आठवडाभर बरी दिसेल, पण नंतर भीती आणखी घट्ट बसेल. गोळी आत्ताच नाही, आधी मी तिच्याशी बोलते. सुरुवातीला कोणीतरी तिच्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि तिथंच थांबायचं. मग थोडंथोडं सोडायचं. आणि अधूनमधून इकडं घेऊन यायचं.

उषाबाई : सध्या मला प्लॉट सोडता येत न्हाई, म्याडम. सकाळचं फूल दुपारी कामाचं राहत न्हाई.

साळूबाई : मी जाते.

उषाबाई : तुम्ही? जीपमधी तर तुम्हालाच भ्या वाटतं.

साळूबाई : वाटतं. तिलाबी वाटतं. दोघी बसू.

उषाबाई : आन् ह्यांना काय सांगायचं? सोमवारी निघतीलच ते.

साळूबाई : त्याला मी बघते. म्हणते, तू नाव काढायला गेला तर मी मोटर रातभर चालू ठेवीन. बघू कसा झोपतो ते.

डॉक्टर : मग पाठवा नंदाला आत.

उषाबाई : एक मिनिट, म्याडम. आत्याबाई, टेंभुर्णीच्या शाळंत परतूरवाल्यांचे साडू मास्तर हायेत. तुम्ही रोज फाटकाशी बसलेल्या दिसणार. ते विचारणारच, पोरीला काय झालंय म्हणून.

साळूबाई : विचारू दे.

उषाबाई : आन् मी काय सांगू?

साळूबाई : सांग, आजीवर गेली.