खरेदीवाल्यांची एजंटबाई

सून : मला फार वेळ नाही, बाबा. ते दोघं खाली उभे आहेत. चष्मा वर राहिला असं सांगून आलेय.

सासू : चष्मा तर तुझ्या डोक्यावर आहे.

सून : माहीत आहे, आई. खोटं बोलायला दुसरं काही सुचलं नाही.

सासरे : दार लोटून घे. जिन्यात आवाज जातो.

सून : गेला तर गेला. मघाशी त्यांच्यासमोर मला 'मॅडम' म्हणालात. 'मॅडम, या बाजूने या, हे स्वयंपाकघर.' याच स्वयंपाकघरात मी चार वर्षं काढली.

सासरे : तूही मला 'साहेब' म्हणालीस.

सून : तुम्ही दार उघडलंत आणि चेहरा असा केलात, जणू मी वीजमीटर बघायला आलेय. ते दोघं माझ्या मागेच उभे होते. मला वाटलं होतं, 'अगं तू?' म्हणाल, मग मी हसून सांगून टाकेन. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि माझ्याही तोंडून 'साहेब' निघून गेलं.

सासू : मी आतून ऐकत होते. आधी वाटलं, दोघांची काहीतरी थट्टा चाललीय. मग थट्टा नाही हे कळलं, आणि तोवर बाहेर यायला तोंड राहिलं नव्हतं. कांदे नसताना कांदे चिरल्यासारखी ओट्याशी उभी राहिले.

सासरे : तू येणार हे ठाऊक असतं तर मी घरात थांबलोच नसतो. आपला तो गॉगलवाला एजंट म्हणाला, एक जोडपं बघायला येतंय, सोबत त्यांची एजंटबाई असेल. बाई कोण ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सून : मला तर फोटो बघूनच कळलं. हॉलमधला तो एका पात्याला काळा डाग असलेला पंखा. आपलं घर विकायला निघालंय हे मी जाहिरातीत वाचलं, बाबा. तेही खाली उभ्या असलेल्या त्या मुलीने दाखवलं म्हणून. 'ताई, हे बघूया का, स्वस्तात वाटतंय.' तुमच्या मुलाला तर अजून पत्ताच नाही.

सासरे : सांगणार होतो.

सासू : सांगणार होतो, सांगणार होतो. रोज सकाळी फोन हातात घ्यायचे आणि हवापाणी विचारून ठेवून द्यायचे. अगं, मला हे तीन मजले झेपत नाहीत आता. म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं, इसार देऊन बसलो. आणि ह्यांना काळजी कसली, तर सुनेला कळलं तर ती म्हणणार, मीच विकून देते. मग तिला कमिशन द्यायचं की नाही द्यायचं?

सासरे : घेतलं नसतंस तर मला लाज वाटली असती. घेतलं असतंस तर तुला.

सून : म्हणून परक्याला दिलंत.

सासरे : परक्याला नंतर तोंड दाखवावं लागत नाही.

सून : बरं. आणि ते सगळ्यांसमोर कशाला? 'खरेदीवाल्यांच्या एजंटला आमच्याकडून छदामही मिळणार नाही, त्यांचं काय ते तुम्ही बघा.' मी तिथेच उभी होते, बाबा. त्या पोराने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हात पसरला होता.

सासरे : गॉगलवाल्याने पढवून ठेवलं होतं. म्हणाला, काका, आम्हा एजंटांच्या संघटनेचा नियम बदललाय. पूर्वी विकणाऱ्याच्याच खिशातून दोन्हीकडच्या एजंटांचं कमिशन निघायचं. आता ज्याचा एजंट त्याने त्याला द्यायचं. आल्या आल्या सांगून मोकळे व्हा, तेवढेच तळमजल्याच्या घराला लागतील. मला पटलं. मी नियमाबाहेर काय बोललो?

सून : काहीच नाही. नियमाला मी नावं ठेवत नाही. उलट तोच बरोबर आहे. पण त्याने माझं काय झालं ते सांगते. पूर्वी मी गिऱ्हाइकाला घेऊन दहा घरं हिंडायचे आणि पैसे यायचे समोरून, विकणाऱ्याकडून. मी नक्की कुणाची, हे कुणी विचारायचं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. आता घर दाखवायच्या आधी लेखी ठरवावं लागतं. या दोघांनी सही करून मला नेमलंय. ती हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या करते, तो बेकरीत भट्टीवर असतो. घराचे पैसे जमवतानाच मेटाकुटीला आलेत, त्यात वर माझं कमिशन. तो म्हणत होता, एजंट नकोच, आपलं आपण बघू. तीच ऐकेना. म्हणाली, आपल्याला घरातलं काय कळतं, आपल्या बाजूचं एक तरी माणूस असू दे.

सासरे : मग तू बोललीस की त्यांच्या बाजूने. किमतीवरून चांगलं धारेवर धरलंस मला.

सून : किमतीचं बोलले. भिंतीचं बोलले नाही.

सासू : आलं शेवटी तिथेच.

सासरे : भिंतीला रंग दिलाय.

सून : रंग दिलाय आणि पुढे कपाट उभं केलंय. त्या भिंतीला कपाट कधीच नव्हतं. तिथे आमचा पलंग होता. लग्नानंतर काही महिन्यांनी गादी खालून काळी पडायला लागली. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, नवी सून, नीट ठेवता येत नाही. तुम्ही बाहेर गेलात की मी ती ओढत गच्चीवर न्यायचे.

सासू : आणि मी विचारलं तर म्हणालीस, तांब्या कलंडला.

सून : मग एकदा बाबांनीच सांगितलं, पोरी, तुझा काही दोष नाही, ही भिंतच ओली आहे. फार बरं वाटलं होतं तेव्हा.

सासरे : वरच्यांनी नळाची पाइप बदललीय आता.

सून : ते दरवेळी बदलतात. दरवेळी ओल येते.

सासरे : यंदा आलेली नाही.

सून : रंग ताजा असताना कशी दिसेल? त्या मुलीने कपाटाच्या मागे हात घातला, भिंत चाचपली आणि सरळ विचारलं, 'काका, इथे ओल येते का?'

सासरे : मी म्हटलं, आत्ता नाही.

सून : तुम्ही 'नाही' म्हणालात.

सासू : 'आत्ता' मलाही ऐकू आलं नाही.

सून : मग तिने माझ्याकडे बघितलं. तुमच्यावर तिचा विश्वास नव्हताच, असायचं कारणही नाही. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी हातातले कागद चाळायला लागले. त्या कागदात काही नव्हतं, बाबा. नुसती खोल्यांची मापं.

सासरे : तू माझी लाज राखलीस.

सून : तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी माझी कातडी वाचवली. 'हो, येते' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मग सांगावं लागलं असतं की हे साहेब माझे सासरे आहेत आणि ही बातमी मी तुमच्यापासून गाडीत अख्खा रस्ताभर लपवली.

सासरे : हे बघ, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. घेतीलच असंही नाही.

सून : घेणार आहेत. जिना उतरताना ती पडद्यांचे रंग ठरवत होती. म्हणून तर परत वर आले. मी त्यांना सांगणार आहे. तुम्हाला न विचारता सांगायचं नव्हतं, एवढंच.

सासरे : आणि तळमजल्याचं घर? तो मालक थांबणार नाही, इसार बुडेल. भिंतीचं एकदा तोंडातून बाहेर गेलं की गावभर होतं, मग कुणी फिरकणार नाही. तुझ्या सासूच्या गुडघ्यांकडे तरी बघ.

सासू : माझे गुडघे मध्ये घालू नका. इतके दिवस माझ्या गुडघ्यांच्या नावावर सगळं चाललंय. रंग लावला तो गुडघ्यांसाठी, कपाट सरकवलं ते गुडघ्यांसाठी.

सासरे : मग कुणासाठी?

सासू : ते तुम्हीच सांगा. औषधाच्या दुकानात होतात तेव्हा मुदत संपत आलेली बाटली गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घ्यायचात. म्हणायचात, ही नेऊ नका. मी किती जणांना कौतुकाने सांगितलंय ते.

सासरे : दुकान माझं नव्हतं. तोटा मालकाचा व्हायचा.

सासू : हे मला आज कळतंय.

सासरे : मलाही आत्ता बोलल्यावरच कळलं.

सून : आई, राहू दे.

सासरे : तुझा फोन थरथरतोय.

सून : तिचाच निरोप आहे. चष्मा सापडला का विचारतेय. म्हणते, ह्यांना वर पाठवू का शोधायला.

सासरे : ये म्हणावं.

सून : कशाला?

सासरे : दोघांनाही ये म्हणावं. आणि ते येईपर्यंत जरा हात लाव. कपाट जड आहे.

(मागच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून लांब ओढलेलं आहे. पाहुणे येऊन, सगळं ऐकून परत गेले आहेत. सून त्यांना खालपर्यंत सोडून पुन्हा वर आली आहे.)

सासू : गेले?

सून : गेले. माझ्या गाडीत बसले नाहीत. बसने जातो म्हणाले.

सासरे : भिंतीचं मी सगळं सांगितलं ना? काही राहिलं नाही ना?

सून : सगळं सांगितलंत.

सासरे : ओल, वरच्यांची पाइप, रंग, सगळं घडाघडा बोलून गेलो. पण 'ही माझी सून' म्हणायची वेळ आली आणि मी पुन्हा पाइपचंच सांगत बसलो.

सासू : शेवटी मीच म्हटलं.

सासरे : तो बेकरीवाला मलाच म्हणतो, काका, तुम्ही बसा. माझ्याच घरात मला खुर्ची पुढे केली त्याने. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

सासू : घराचं काय म्हणाले?

सून : कुणीतरी जाणकार आणून भिंत तपासून घेतील, मग ठरवतील. घेतलं तरी किंमत बरीच पाडून मागतील.

सासरे : मागू देत. तळमजल्याच्या मालकाकडे उद्या जातो, थोडी मुदत मागतो. नाही दिली तर इसार गेला असं समजायचं. गॉगलवाल्याचा फोन येऊन गेला. नुसता ऐकून घेतला. आणि मुलाला मी आज सांगतो. तू सांगू नकोस, मी सांगतो.

सून : बरं.

सासरे : तुझं काय ठरलं त्यांच्याशी?

सून : माझ्या बाजूने मी त्यांना मोकळं केलं. म्हटलं, माझं काही द्यायचं नाही, दुसरं कुणी बघा. माझ्या माहितीतल्या एका बाईंचं नाव सुचवलं.

सासू : घेतलं त्यांनी?

सून : मान हलवली. माझ्या माहितीतलं माणूस ते आता कशाला घेतील?

सासरे : खाली बराच वेळ लागला तुला. मी गॅलरीतून बघत होतो. ती मुलगी काहीतरी बोलत होती.

सून : विशेष काही नाही.

सासरे : माझ्याबद्दल?

सून : तुमच्याबद्दल नाही. तुमचं तिला काही वाटलं नाही. म्हणाली, काका विकणारे, ते लपवणारच.

सासरे : मग?

सून : म्हणाली, आम्ही विचारणार तरी कुणाला, आम्हाला तुम्हीच होतात.

सासरे : आणि तू काय म्हणालीस?

सून : हो म्हटलं.