तात्याराव परत आले

श्यामलाकाकू : मी सांगितलं होतं तुला. मजकूर एका कागदावर आणि सह्या दुसऱ्या कागदावर असतील, तर पेन उचलायचं नाही. तीस वर्षं वकिलाकडे टायपिंग केलंय मी, उगाच नाही बोलत.

मी : सांगितलं होतंत, काकू.

श्यामलाकाकू : आणि तू हसलीस.

मी : हसले. ओवी कडेवर होती, लिफ्ट बंद, चार मजले चढायचे होते. खालच्या मजल्यावरचा तेजस जिन्यातच कागद घेऊन उभा. म्हणाला, "वहिनी, तात्यारावांना परत आणायचंय, पहिली सही तुमची." कागदावर नुसत्या रेघा होत्या. केली.

श्यामलाकाकू : फ्लॅट नंबरासकट.

मी : फ्लॅट नंबरासकट.

श्यामलाकाकू : तू लग्न होऊन इथे आलीस तेव्हा तात्याराव सोसायटी सोडून गेलेले होते. तुला काय माहीत. अकरा वर्षं चेअरमन होता तो माणूस. कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, असा फलक लावला होता. त्या सभेत आम्ही साठ जण माना खाली घालून बसलो होतो, आणि उठलं कोण? सत्यशीला. वाशिमची बाई, तळमजल्यावर भाड्याने राहून पाळणाघर चालवणारी, तिला सभेत बोलायचा हक्कसुद्धा नाही. म्हणाली, "ह्या बाया तुमच्याच घरचं काम करायला वर जातात नं जी?" बस. एकाला कंठ फुटला की सगळ्यांना फुटतो. त्याच सभेत तात्याराव पायउतार. फ्लॅटला कुलूप घालून कसबा पेठेत भावाकडे जाऊन राहिले. सहा वर्षं.

मी : सहा वर्षांत माणूस विसरतो, असं वाटलं मला.

श्यामलाकाकू : कसब्यात? तिथे पणजोबांची भांडणं अजून चालू असतात. सहा वर्षं म्हणजे काल सकाळ.

मी : पण नव्या कमिटीने तरी काय केलं? तीन महिने लिफ्ट बंद. सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

श्यामलाकाकू : म्हणून राजा आणलात. डोक्याला फेटा, पुढे ढोल-ताशा, उघडी जीप. गेटपासून पार्किंगपर्यंत चाळीस पावलं, त्याला जीप.

मी : मी ओवीला उचलून दाखवलं, काकू. टाळ्या वाजवल्या आम्ही. संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली.

श्यामलाकाकू : आणि चौथ्या दिवशी पाळणाघराला नोटीस.

मी : मुलांच्या रडण्याचा रहिवाशांना त्रास होतो, म्हणून. खाली एक्केचाळीस सह्या जोडलेल्या, सगळ्यात वर माझी. तोच कागद. फक्त पुढे लावलेला मजकूर दुसरा. ओवीला सव्वा वर्षाची असल्यापासून जिने सांभाळलं, तिच्या विरुद्ध पहिलं नाव माझं.

ओवी : आई, सत्यामावशीचं दार का बंद आहे?

मी : आजीने दिलेलं बिस्कीट संपव आधी.

ओवी : तिला सांग, मी रडत नाही. मी झोपते लगेच.

श्यामलाकाकू : ये ग, माझ्याजवळ बस तू. ... तात्यारावांकडे गेली होतीस ना?

मी : गेले. चहा दिला. मी म्हटलं, मी ह्यासाठी सही केली नव्हती. तर म्हणाले, "सही आपलीच आहे ना? मग आपलं भांडण आपल्याशीच आहे. साखर पुरेशी झाली का?"

श्यामलाकाकू : अगदी तेच. बदलले नाहीत. आणि बाकीच्या आया?

मी : लेखी द्या म्हटलं की सगळ्यांना लिफ्ट आठवते. दोघींनी दुसरं पाळणाघर शोधलंसुद्धा. सही मागे घेतल्याचं पत्र मी एकटीने दिलं. पोच मिळाली, शिक्क्यासकट.

श्यामलाकाकू : शिक्का ठसठशीत मारतात.

मी : तोवर घरमालकाने सत्यशीलाला जागा सोडायला सांगितलं होतं. तिने तो कागद माझ्यापुढे धरला. "तुमचीच नं ही?" मी म्हटलं, हो, पण. त्या 'पण'च्या पुढचं तिने ऐकलंच नाही. टेम्पोत पाळणे चढवत राहिली. तुमच्याशीही बोलली नाही ना?

श्यामलाकाकू : का बोलेल? मी सही केली नाही, एवढीच माझी शेखी. चेअरमन म्हणून तात्यारावांचं नाव पुकारलं तेव्हा 'कुणाचा विरोध?' असं विचारलं होतं सभेत. माझे गुडघे गेलेत, ऋचा. हात शाबूत होते.

मी : इस्त्रीवाल्या पोपटने तिचा पत्ता दिला. स्वारगेटला, डेपोमागच्या गल्लीत. तीनदा जाऊन आले. दारापाशी उभं राहिलं की आतल्या पंख्याचा आवाज येतो. मी ऋचा, म्हटलं की पंखा बंद होतो.

श्यामलाकाकू : म्हणजे आहे आत.

मी : शेजारीण म्हणते, पहाटे पाणी भरायला तेवढी बाहेर येते. बोलत नाही कुणाशी. फोडणीचा वास म्हणून येत नाही तिच्याकडून. तिला साखरेचा आजार आहे, काकू, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. इथे पोरांना भरवताना दोन घास तिच्या पोटात जायचे. आता भरवायला कोण आहे?

श्यामलाकाकू : मी येते. रिक्षाने जाऊ.

मी : तुमचा आवाज ओळखेल. सोसायटीतल्या कुणालाच ती दार उघडणार नाही.

श्यामलाकाकू : पोपटला पाठव.

मी : जाऊन आला. आतूनच म्हणाली, "कपडे नाहीत जी."

श्यामलाकाकू : मग तिला ठाऊक नसलेलं कुणीतरी हवं.

मी : (हे वाचणाऱ्याला) तुम्ही आमच्या सोसायटीतले नाही. कधी स्वारगेटला उतरलात, तर डेपोमागच्या गल्लीत औषधांच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिन्यात लाकडी पाळणे एकावर एक रचलेत, त्यांच्यासमोरचं दार. माझं नाव काढू नका. नुसतं विचारा, सकाळपासून काही खाल्लंत का. आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.