वेदिका गावाबाहेर जात नाही

—अहो थांबा, थांबा, वरचं नका दाबू! ‘न्यू गेम’ नाही, त्याच्या खालचं. हां. वरचं दाबलंत की ते विचारतं, जुनं पुसू का, आणि एकदा ‘हो’ झालं की गेली आमची वेदिका. म्हणजे आतली हो. बाहेरची ती काय, सोफ्यावरून उड्या मारतेय — वेदू, डोकं आपटेल! — तर सेल नवे घातलेत, बाकीच्या कॅसेट या बर्फीच्या डब्यात आहेत, नीट बघून घ्या ललितभाऊ. चहा टाकते. नको कसं? तुम्ही नामपूरचे, माझं माहेर देवळ्याचं, म्हणजे शेजारचेच झालात की. तसेच गेलात तर आई फोनवर माझी हजेरी घेईल. जाहिरात माझ्या नवऱ्यानं, दिनेशनं दिली केबल टीव्हीच्या खालच्या पट्टीवर — ‘विकणे आहे, व्हिडिओ गेम, कोरे’ — आणि फोन नंबर माझा. एका बाईंना वाटलं वह्या आहेत. दुसरीनं विचारलं, सुती की सिल्क?

कोरे म्हणजे अगदी कोरे नाहीत बरं का, उगाच खोटं कशाला बोलू. प्रत्येक कॅसेटमधलं पहिलं गाव खेळून झालंय. पहिलंच फक्त. माझा भाऊ शेखर, सिंगापूरला असतो, लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, त्याला काय कळणार बारशाला काय आणायचं! सगळ्यांनी झबली आणली, वाळे आणले, आणि यानं बारा दिवसांच्या भाचीला हे यंत्र. तेही मारामारीचं असतं तर एक वेळ ठीक, पण हे असे लांबलचक गोष्टीचे खेळ — एक जण गावातून निघतो, राक्षस मारत मारत मोठा होतो, महिनोन्‌महिने चालतं. मग दर दिवाळीला आणखी दोन. मी प्रेमानं उघडलं हो पहिल्यांदा. पडद्यावर काय आलं? ‘नाव लिहा.’ आता मला सांगा, भेटवस्तू आहे, नाव लिहा म्हणतायत — तुम्ही काय लिहिलं असतं? आपल्याकडे बारशाच्या पेल्यावर काय घालतात? चि. वेदिका हिस मामाकडून सप्रेम भेट! मला वाटलं, किती छान, आतल्या आत नाव घालायची सोय केलीय, नावं ठोकणाऱ्याकडे जायला नको. ‘चि.’ लिहायला गेले तर जागा पुरेना, ‘मामाकडून’ तर लांबच. नुसतं ‘वेदिका’ बसलं. ओके दाबलं. तर पडद्यावर एवढीशी मुलगी, हातात तलवार, डोक्यावर नाव वेदिका — आणि एक म्हातारा तिला म्हणतो, बाळ, आता तू एकटी उत्तरेच्या गुहेत जा.

गुहेत! एकटी! आणि माझ्या मांडीवर ती दूध पितेय.

तुम्ही हसताय, हसा. मी एम.कॉम. आहे, मला कळतं की तो खेळ आहे. पण ‘वेदिका मेली’ अशी अक्षरं घरात, पडद्यावर का होईना, कशाला उमटवून घ्यायची? म्हणून मी तिला गावाबाहेर पाठवलीच नाही. कुंपणालगत हिरवे जेलीसारखे गोळे फिरतात, तेवढे मारायचे, की लगेच धर्मशाळेत झोपवायची. आता इतकी ताकद आलीय तिला की गोळे तिला बघूनच पळतात. म्हातारा अजून तिथंच उभा. पुढच्या कॅसेटी? त्यांतही वेदिकाच. मोठीला एक नाव नि बाकीच्यांना दुसरं, असं कसं? प्रत्येकीत गाव, प्रत्येकीत धर्मशाळा, प्रत्येकीत कोणीतरी म्हातारा दाराशी घाई करतोय. आणि त्या गावातली घरं! लोकांच्या घरात घुसून पेट्या उघडायच्या आणि सापडेल ते उचलायचं म्हणे. मी एकीच्या घरातून औषधाची बाटली घेतली, मग वाटलं, भांडं रिकामं कसं ठेवायचं, निदान साखर तरी — तर ठेवताच येत नाही. पुन्हा त्या घरात गेलेच नाही मी. कुठल्या तोंडानं जाणार?

दिनेश म्हणतो, डबाभर साचलेत, एक तरी पूर्ण कर, नाहीतर विक. म्हणतो, तू खेळत नाहीस, पाळणाघर चालवतेस. घ्या चहा. साखर कमी वाटली तर सांगा.

शाळा? हो, घातलंय ना नाव, इथंच इंदिरानगरात, दोन गल्ल्या सोडून बालवाडी. गणवेशही आणलाय. जायचीच होती, पण पहिल्या दिवशी शिंकली. मग अमावास्या आली, अमावास्येला कोण काही सुरू करतं? मग मी एकटीच बघून आले तर त्या बाईंचा आवाज जरा मोठा वाटला. आणि ती घसरगुंडी... बघितलीत तुम्ही ती घसरगुंडी? नाही, बरोबर, तुम्ही कशी बघणार. वेदू रोज दप्तर लावून दारात उभी राहते, मी म्हणते, उद्या हं. आज दप्तर लावलं नाही तिनं. सोफ्यावर चढली नुसती.

अहो — अहो, हे काय? हे कुठलं झाड? गावात असं झाड नाही! ललितभाऊ, तुम्ही तिला बाहेर काढलीत? मी आत चहा गाळत होते तेवढ्यात? वळवा, वळवा तिला — तो काय आहे, दोन डोक्यांचा — पळा! पळायचं बटण आहे, डावीकडे! मारतो काय हा, एवढ्याशा पोरीला? औषध द्या, अहो बाटली आहे ना — दाबा — अरे देवा.

पडली.

नका दाखवू. वाचा तुम्हीच. काय? ‘जाग आली’? कुठं जाग आली? बघू इकडे. ही... ही आपलीच धर्मशाळा. थोडी नाणी गेली आणि... तलवार आहे. नाव आहे. उभी आहे की ही! एवढंच होतं? पडलं की परत घरी? आणि हे मला चार वर्षांत कुणी सांगू नये? शेखरला येऊ दे दिवाळीला.

नाही, आता नाही विकायचं. माफ करा, एवढ्या लांबून आलात, पण आमची आत्ता कुठं गावाबाहेर पडलीय. बाकीच्यांतही म्हातारे ताटकळलेत. द्या ते यंत्र. चहा संपवा पटकन — नाही, घाई नाही, पण संपवा. बालवाडी सुटायला अजून तासभर आहे. वेदूऽ, उतर खाली! दप्तर घे. हो, आज. हो, आत्ता. अगं चपला उलट्या घातल्यास — राहू दे, चाल तशीच.

मी? मी फक्त फाटकापर्यंत जाणार. आत नाही. असं काय बघताय? निघा तुम्ही, मला कुलूप लावायचंय.