नोंदींसकट हलवायचं ना!

...नाही, पण मी काय म्हणतो, हलवायचंच होतं तर नोंदींसकट हलवायचं ना! तुम्हाला सांगतो, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक सोय असते, कोडच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, कॉम्प्युटर सांगतो, ही कोणी लिहिली, कधी लिहिली आणि लिहिताना काय शेरा मारला. आणि शेरे मारावेत ते आमच्या मास्तरनं! शेजारीच बसायचा, मास्तर आपलं नावालाच, जन्मात कुणाला शिकवलं नाही. "चालतंय. का चालतंय ते विचारू नये." "आज घरी भांडून आलोय, या फाइलला कोणी हात लावू नये." एकटा बसून हसायचो हो मी! आणि गेला की... बसल्या जागी. स्वेटर अजून खुर्चीवर.

आणि आमचे साहेब! त्यांना आवरायची भारी हौस. "शी, काय हा फोल्डरांचा उकिरडा!" एका शनिवारी बसले, नवी जागा केली, नवे फोल्डर, सगळ्या फाइली कॉपी-पेस्ट, आणि जुनी जागा? पुसली! "अडगळ कशाला?" अडगळ?! अहो, मास्तरचे सगळे शेरे होते तिथं! आता कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, नाव साहेबांचं, तारीख त्या शनिवारची, आणि शेरा काय, तर "आवराआवर"! इतिहास बरोबर नेता येतो हो, चार ओळींचं काम... हलवायचंच होतं तर नोंदींसकट हलवायचं ना!

आणि काल वहिनी आल्या, मास्तरची बायको, स्वेटर न्यायला. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या मोठ्या भांडणानंतर हे म्हणाले होते, तुझी माफी मी ऑफिसात लेखी मागितलीय, कायमची राहील तिथं. दाखवता?"

आता काय दाखवू, माझं कपाळ? तो शेरा मला तोंडपाठ! "चूक माझीच. इथलीही आणि घरचीही. ती बरोबर होती." म्हणून दाखवला, तर माझ्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर साहेबांचं नाव. म्हणाल्या, "असू दे हो. माझं मन राखायला सांगताय तुम्ही. घरीही हे असंच म्हणायचे, मागितली की माफी, मनातल्या मनात!" हसल्या, स्वेटर घडी करून पिशवीत घातला, गेल्या. रडूच आलं मला.

उभ्या आयुष्यात एकदा माफी मागितली हो त्या माणसानं, तीही लेखी... आणि मेल्यावर खोटा पडला!