सत्तावीस नंबरची चिठ्ठी

— खिशात हात घालते आहे, हे खरं. पण चोरी नव्हे गं मुली, नव्या शर्टाच्या खिशात चोरण्याजोगं असतं काय? कागदाचा कपटा. तोच बघते आहे. साहेबांना बोलावू नकोस, सकाळपासूनचं हे तिसरं दुकान, पाय बोलायला लागलेत माझे. हे बघ — हा आकडा आहे ना, तो शर्ट तपासणाऱ्या बाईचा. ती सुटे दोरे कापते, शिवण बघते आणि आपला नंबर लिहून खिशात टाकते. ठाऊक नव्हतं? रोज घड्या घालतेस की! असो, मलाही नव्हतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं — ‘बाई, माझा नंबर सत्तावीस.’ गणितात यथातथाच. सात काढला की त्याच्या पोटावर आडवी रेघ. मी म्हणायची, सातला कंबरपट्टा कशाला, लग्नाला निघालाय? चार वर्षं खोडली ती रेघ — गेली नाही.

तर मला खोड अशी, की वस्तू उलटी करून वाचल्याशिवाय घेत नाही — साबण कशाचा, कापूस कुठला, घाम कोणाचा. घरचे म्हणतात, आईबरोबर बाजारात जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. म्हणोत. वर्तमानपत्रात आलं, की ती कामाला होती त्या गणवेशांच्या कारखान्यात बायकांना बारा-बारा तास बसवतात, पाणी प्यायला उठू देत नाहीत. खोटं होतं का? नव्हतं. मी शाळेत गेले — निवृत्त झाले तरी तिथे माझा शब्द खाली पडत नाही — म्हटलं, असला गणवेश मुलांच्या अंगावर शोभत नाही. आणखी दोन शाळांना पत्रं लिहिली, एकही खाडाखोड नाही. तिन्ही शाळांनी काम काढून घेतलं. टाळ्या वाजल्या माझ्यासाठी. हार नको म्हटलं, टाळ्या घेतल्या.

मालकानं मग काय केलं असेल? पाणी दिलं? छे — तपासणीच्या निम्म्या बायका घरी बसवल्या. त्यांत माझी सत्तावीस नंबरचीही. ती आली माझ्याकडे. आत ये म्हटलं, आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला उत्तर देता येतं मला. म्हणाली, ‘बाई, तुमचं बरोबरच होतं. पण आधी आम्हांला विचारायचं होतंत. पाण्यासाठी आम्ही अर्ज दिला होता, सगळ्यांच्या सह्या घेऊन — होत आलं होतं.’ आणि मी काय म्हणाले असेन? ‘अर्जाची प्रत आहे का?’ — हो, असं विचारलं मी. दारात उभ्या असलेल्या बाईला. हे... हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिची खोली शोधत गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, सोडली.

आता कानावर आलंय, काही जणींना परत घेतलं. म्हणून हे खिसे. — काय? हा गठ्ठा नवा? कालच आला? त्याच कारखान्याचा? दे बघू. नाही, मीच काढते. हा अकरा... हा चाळीस... थांब, चष्मा पुसू दे. दोन — सात. सत्तावीसच.

...

रेघ नाही.

छान काढलाय सात. वळणदार, स्वच्छ. माझ्या वर्गात पैकीच्या पैकी दिले असते.

घडी नीट घाल त्याची. मला नको — जा तू, गिऱ्हाईक थांबलंय.