घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

इंटरनेटवर गाडी विकायला डोकं लागतं म्हणतात. साफ खोटं. येवल्याचं माहेर असलेली बायको लागते.

नाशकात इंटरनेटचं नवंनवं कौतुक होतं, तेव्हा मी आमच्या जुन्या व्हॅनची जाहिरात टाकली. संध्याकाळीच एकाचा फोन.

“गाडी पसंत आहे काका! तुम्ही म्हणाल ती किंमत. फक्त चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुकाची कॉपी लगेच ई-मेल करा.”

फोन स्पीकरवर होता. मी खुशीत आरसी बुक शोधायला उठलो, तेवढ्यात हिनं फोन घेतला.

“कुठले हो तुम्ही?”

“येवल्याचा.”

“अगंबाई, माझं माहेरच ते! येवल्यात कुठं?”

“ते... पैठणीवाल्याच्या शेजारी.”

“अहो, आमच्याकडं पैठणीवाल्याच्या शेजारीही पैठणीवालाच असतो! नाव सांगा त्याचं.”

फोन कट.

मी भडकलो. “चांगलं आलेलं गिऱ्हाईक घालवलंस!”

“गिऱ्हाईक? ते नंबर दाखवून त्यानं आपली व्हॅन परस्पर कुणाला तरी विकली असती.”

“हे तुला कशावरून कळलं?”

“गाडी न बघता पसंत केली, ते एक वेळ चालेल. पण ‘थोडं कमी करा’ म्हणाला नाही, तो येवल्याचा कसला!”