पसाऱ्यात गेलेली ट्रकची चावी

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, व्यवसाय: सहाय्य केंद्रात गृहभेटीची नोकरी, राहणार केंद्राच्या मागच्या गल्लीत, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की, गृहनिर्माण कार्यालयाच्या ट्रकची चावी मीच काढून घेतली. मला कोणी भरीस घातले नव्हते.

गृहनिर्माण कार्यालयाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घड्याळकाका एकटे राहतात. पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. बायको गेल्यावर त्यांनी घरातून काहीही बाहेर टाकणे बंद केले. मी जाऊ लागले तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. शेगडी रद्दीखाली होती, पायाची जखम चिघळली होती, आंघोळीचे नाव नव्हते. आधी नर्सला नेले, मग पसाऱ्याला हात घातला. म्हणजे काकांनी घातला. वस्तू त्यांच्याच हाताने बाहेर जायची, असे आमचे ठरले होते. याला वेळ लागतो. घर जबरदस्तीने रिकामे केले की माणूस पुन्हा दार उघडत नाही, हे कार्यालयाच्या साहेबांना सांगून मी थकले.

नोटीस अशी होती की, आजपर्यंत दारापासून पलंगापर्यंत चालत जाता आले पाहिजे, नाहीतर काकांनी घर सोडायचे. साहेब सकाळीच ट्रक घेऊन आले. मजूर सरसकट उचलायला लागले. काका भिंतीला टेकून उभे. माझे डोके फिरले. मी खाली जाऊन चावी काढली आणि काकांच्या हातात दिली. म्हटले, "काका, ही सांभाळा. तुम्ही म्हणाल तेव्हाच ट्रक हलेल."

काकांनी ती सांभाळून ठेवली. कुठे, ते त्यांना आठवेना. चावी सामानाबरोबर जाईल म्हणून मजुरांनी सरसकट उचलणे थांबवले. त्यांना काही सांभाळायला द्यायचे नसते, हे मला कळायला हवे होते.

"अगं, लोकांची गाडी अडलीये," म्हणत काका स्वतः खोकी उपसायला लागले. "हे कशाला ठेवलंय मी?" असे म्हणून एकेक वस्तू मजुरांच्या हाती देत गेले. मजूर दुपारपर्यंत जिना चढत-उतरत होते. मी कशालाही हात लावला नाही. मला फार आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

चावी अजून सापडलेली नाही. माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी, पण काकांचे घर जाता कामा नये. नोटिशीची अट पुरी झाली आहे आणि त्याला साक्षीदार साहेबच आहेत. दुपारी चावीचा जाब विचारायला ते तरातरा आत गेले, थेट पलंगावर जाऊन बसले आणि तिथूनच त्यांनी माझी तक्रार करायला ठाण्याला फोन लावला.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.